लाइट बिल, १४ टक्के आणि आम्ही रिपब्लिकन

न्यू जर्सीत गव्हर्नरच्या निवडणुकीत आम्ही रिपब्लिकन हरलो, आणि थोडक्यात नाही, चांगले तोंडावर आपटलो. २०२१ ला आमचा जॅक चिटरेली डेमोक्रॅट फिल मर्फीकडून जेमतेम ३ टक्क्यांनी पडला होता, २०२४ ला ट्रम्पनं याच राज्यात हॅरिसचं लीड ६ टक्क्यांवर आणलं होतं (त्याआधी बायडेन इथे १६ नी जिंकला होता), त्यामुळे २०२५ च्या नोव्हेंबरात आमच्यासारख्यांना खरंच वाटत होतं की यावेळी होतंय. झालं काय, तर डेमोक्रॅट मिकी शेरिल याच चिटरेलीला साधारण १४ टक्क्यांनी हरवून निवडून आली. या राज्यात एकाच पक्षाने गव्हर्नरची निवडणूक सलग तिसऱ्यांदा जिंकण्याचा प्रकार १९६१ नंतर पहिल्यांदा घडला. २०२४ ला ट्रम्पकडे गेलेली पसेइक काउंटी, जिच्यावर आमच्या बाजूच्या लोकांनी वर्षभर टीव्हीवर बसून गप्पा हाणल्या की बघा लॅटिनो मतदार आता कायमचा आपला झाला, ती एका वर्षात परत गेली आणि जाताना दरवाजा आपटून गेली.

आता कारणं सांगणं चालू आहे. ट्रम्प स्वतः बॅलटवर नव्हता, शटडाऊन (बजेट अडल्यामुळे फेडरल सरकारचं कामकाज बंद) चालू होतं, उमेदवार तिसऱ्यांदा उभा होता, समोरची नेव्हीतली हेलिकॉप्टर पायलट, वगैरे वगैरे. सगळं थोडं थोडं खरं असेल. पण मला विचाराल तर खरं कारण दर महिन्याला घरी येतं. लाइट बिल. १ जून २०२५ पासून आमच्याकडे विजेचे दर एका फटक्यात १७ ते २० टक्क्यांनी वाढले, आणि मग जुलै-ऑगस्ट आले, एसी दिवसरात्र चालू, आणि बिल बघून माझ्या बायकोने जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत. आमच्या गल्लीत देसी, इटालियन, पोर्टो रिकन सगळे राहतात, सप्टेंबरात कोणीही कोणाला भेटला की 'तुझं किती आलं' एवढाच विषय.

माझा राग असा की हा विषय आमचा होता. म्हणजे काँझर्व्हेटिव्ह बाजूने मांडायला याच्यापेक्षा सोपं उदाहरण देवाने दिलं नसतं, आणि तरी आम्ही तो हातचा घालवला. जरा सविस्तर सांगतो कारण भारतातल्या मंडळींना (आणि इथल्यांनाही, खरं सांगायचं तर) हे प्रकरण नीट माहीत नसतं.

पीजेएम नावाची संस्था आहे, १३ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून एवढं मोठं ग्रिड ती चालवते, शिकागोपासून आमच्या जर्सी शोअरपर्यंत. ही संस्था लिलाव घेते, त्याला कपॅसिटी ऑक्शन म्हणतात. त्यात वीज विकली जात नाही, तर ऐन उन्हाळ्यात मागणी शिगेला पोचेल तेव्हा आमचा प्लांट हजर असेल या वचनाचे पैसे प्लांटवाल्यांना मिळतात. २०२४-२५ साठी हा भाव होता एका मेगावॉटमागे दिवसाला २८.९२ डॉलर. पुढच्या वर्षासाठी जुलै २०२४ मधे लिलाव झाला, भाव निघाला २६९.९२. नऊपटीच्या वर! तोच २०२५ च्या जूनमधे आमच्या बिलात उतरला. आणि २०२५ च्या जुलैमधे त्याच्या पुढच्या वर्षाचा लिलाव झाला तो ३२९.१७ वर थांबला, थांबला म्हणजे वर कॅप लावून ठेवली होती म्हणून थांबला.

का वाढला? मागणी वाढली आणि पुरवठा आटला, बस. मागणी मुख्यतः डेटा सेंटर्सची, त्यातली भरपूर नॉर्दर्न व्हर्जिनियात, लाउडन काउंटीत, पण ग्रिड एकच असल्यामुळे त्याचा भार आम्हालाही. आणि पुरवठा? बटण दाबलं की चालू होणारे प्लांट बंद करत सुटले आणि नवीन प्लांटला ग्रिडला जोडायची परवानगी मिळायला वर्षानुवर्षं रांग. आमच्या राज्यापुरतं बोलायचं तर ऑयस्टर क्रीकचा अणुवीज प्लांट, १९६९ पासून चालू असलेला, सप्टेंबर २०१८ मधे बंद. (हा बंद करायचा करार २०१० चा, म्हणजे आमच्याच क्रिस ख्रिस्टीच्या काळातला, ते पण सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी येऊन सांगेलच.) कोळशाचे शेवटचे प्लांट २०२२ मधे बंद, त्यातल्या एकाची तर चिमणी सुरुंग लावून पाडली आणि त्याचा समारंभ केला. बदल्यात काय येणार होतं, तर समुद्रातल्या पवनचक्क्या. मर्फीचं टार्गेट होतं २०४० पर्यंत ११,००० मेगावॉट. ऑर्स्टेड नावाच्या डॅनिश कंपनीला फेडरल टॅक्स क्रेडिट स्वतःकडे ठेवता यावेत म्हणून २०२३ च्या जुलैत राज्याने खास कायदा करून दिला, आणि चार महिने व्हायच्या आत, ३१ ऑक्टोबरला, कंपनीने दोन्ही प्रोजेक्ट सोडून दिले. आज आमच्या किनाऱ्यावर त्या ११,००० पैकी किती मेगावॉट आहेत? शून्य.

म्हणजे जुनं पाडलं, नवं आलं नाही, आणि मधल्या काळात लोकांनी एसी लावायचे. यात कुठे व्हिलन कंपनी शोधायची गरजच नाही. पुरवठा मारला की भाव वाढतो, हे ज्याने कधी मंडईत कांदा घेतलाय त्याला शिकवावं लागत नाही.

आता शेरिल बाईंनी काय सांगितलं? पहिल्याच दिवशी युटिलिटी दरांवरून स्टेट ऑफ इमर्जन्सी जाहीर करणार आणि दर फ्रीझ करणार. झालं. एक शब्द. फ्रीझ. लोकांना कळला, आवडला, मत दिलं. मी लोकांना दोष देत नाही, बिल हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही कपॅसिटी ऑक्शन समजावून सांगायला लागलात तर तो दार लावून घेणारच.

पण फ्रीझचं गणित काय आहे ते बघा. न्यू जर्सीत १९९९ च्या कायद्याने वीज बाजार खुला केला, तेव्हापासून आपल्या घरी बिल पाठवणारी कंपनी वीज बनवत नाही, बाहेरून घेते आणि घेतलेल्या भावाने आपल्याला लावते. तिचा स्वतःचा नफा तारा-खांब-ट्रान्सफॉर्मर यावर. मग फ्रीझ म्हणजे काय फ्रीझ करणार? पेनसिल्व्हेनियातला गॅसचा प्लांट काय न्यू जर्सीच्या गव्हर्नरचं ऐकून भाव कमी करणार आहे? फरक कोणीतरी भरावाच लागतो, एकतर राज्य सरकार, म्हणजे आपणच टॅक्समधून, नाहीतर नंतरचे ग्राहक, म्हणजे परत आपणच, व्याजासकट. आणि हे याआधी झालेलं आहे, याच राज्यात. त्या १९९९ च्या कायद्यात दर कमी करून ४ वर्षं बांधून ठेवले होते, बाजारात भाव वर गेले तसतशी कंपन्यांची थकबाकी साठत गेली, आणि २००३ ला बांध सुटल्यावर ती बाकी लोकांच्या बिलांतून वसूल झाली. वाण्याकडची वही मिटून ठेवली म्हणून उधारी मिटत नाही.

निक्सनने १९७१ मधे अख्ख्या देशाचे भाव आणि पगार गोठवले होते, रिपब्लिकन होता तो, आणि पुढच्या वर्षी दणदणीत जिंकला पण. त्यानंतर काय महागाई झाली ते सत्तरच्या दशकात इथे आलेल्या काकालोकांना विचारा. आणि हडसनच्या पलीकडे न्यूयॉर्कमधे ममदानीने तर दहा लाखाच्या आसपास रेंट स्टॅबिलाइज्ड (भाडेवाढ सरकार ठरवतं अशा) घरांचं भाडं फ्रीझ करायचं म्हणून महापौरपदाची निवडणूक जिंकली, वर फुकट बस आणि सरकारी किराणा दुकानं. आमच्या मराठी ग्रुपवर त्या रात्री पेढे वाटल्यासारखं वातावरण, मीरा नायरचा मुलगा, आपला माणूस. अरे आपला माणूस म्हणजे काय? श्री ठाणेदार बेळगावकडचे, मराठी बोलणारे, अमेरिकन काँग्रेसमधे पोचले, याचा मला मनापासून अभिमान आहे, शून्यातून धंदा उभा केला त्या माणसाने. पण मी डेट्रॉइटला राहत असतो तरी मत त्यांना दिलं नसतं, कारण सरकारने किती खर्च करावा याबद्दल त्यांचं आणि माझं अजिबात पटत नाही. आडनाव बघून मत द्यायचं असेल तर मग धोरण कशाला वाचायचं.

(मराठी लोकांत मी रिपब्लिकन आहे हे सांगितलं की अजूनही एकदम शांतता पसरते, मग कोणीतरी विषय बदलून पुण्याच्या ट्रॅफिकवर आणतं. गंमत म्हणजे हेच लोक घरी एक एक डॉलर जपून वापरतात, क्रेडिट कार्डाचं बिल कधी थकवत नाहीत, पोरांना अभ्यासाला बसवतात, आईवडिलांना सांभाळतात, देवळाला देणगी देतात. राहतात सगळे काँझर्व्हेटिव्ह, मत फक्त तिकडे.)

असो. तर प्रश्न असा की एवढं सगळं आमच्या बाजूने असताना चिटरेली हरला का. त्याने सांगितलं होतं की, आरजीजीआय, म्हणजे तो कार्बनचा राज्याराज्यांतला करार, त्यातून बाहेर पडू, गॅसचे प्लांट आणू, न्यूक्लिअर आणू. बरोबर होतं. पण लोकांना ते ऐकू गेलं नाही कारण त्याच वेळी वॉशिंग्टनमधून आमच्याच पक्षाचा अध्यक्ष रोज काहीतरी महाग करत होता. आणि डिबेटमधे ट्रम्पला कुठला ग्रेड देशील असं विचारल्यावर चिटरेलीने 'ए' दिला. ए! एखादं बी प्लस तरी द्यायचं रे.

त्यात पुन्हा गेटवेचं, म्हणजे नव्या रेल्वे बोगद्याचं प्रकरण. मेट्रोपार्क स्टेशनवरून रोज न्यूयॉर्कला जाणाऱ्या माणसाला विचारा हडसनखालचे बोगदे काय आहेत. १९१० सालचे दोन बोगदे, २०१२ मधे सँडी वादळात खारं पाणी शिरून आतून सडलेले, त्यातून अख्खा नॉर्थईस्ट कॉरिडॉर, म्हणजे वॉशिंग्टन ते बॉस्टन रेल्वेमार्ग, चालतो. त्यातला एक बंद पडला तर निम्म्या न्यू जर्सीचं ऑफिस बंद. १६ बिलियन डॉलरचं नव्या बोगद्याचं काम चालू आहे, आणि १ ऑक्टोबरला शटडाऊन सुरू झालं त्याच दिवशी व्हाइट हाउसने त्याचे पैसे अडवले, पुढे ट्रम्पनं तो प्रोजेक्ट टर्मिनेट झाल्याचंही सांगून टाकलं. का, तर न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅट सिनेटर शूमरला धडा शिकवायला. शूमरला काय धडा मिळाला देव जाणे, चिटरेलीला मिळाला. सरकार लहान असावं असं मी म्हणतो तेव्हा सरकारने बोगदे बांधू नयेत असं मी म्हणत नाही. उलट सरकारने जी चार कामं करायलाच हवीत त्यातलं हे एक आहे, बाकीची चाळीस सोडा पण हे करा.

आता मूळ मुद्द्यावर येतो, महागाई. बायडेनच्या काळात महागाई का झाली याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०२० च्या मार्चमधे २.२ ट्रिलियनचं पॅकेज (ते ट्रम्पच्या सहीचं, आणि तेव्हा देश बंद होता, समजू शकतो), डिसेंबरमधे अजून एक, आणि मग २०२१ च्या मार्चमधे, लसी आलेल्या, दुकानं उघडायला लागलेली, तेव्हा बायडेननी वरून १.९ ट्रिलियन ओतले, माणशी १४०० डॉलरचे चेक. लॅरी समर्ससारखा डेमोक्रॅट अर्थतज्ज्ञ ओरडत होता की हे जास्त होतंय. जून २०२२ मधे महागाई ९.१ टक्के. बायडेनच्या चार वर्षांत भाव एकूण २० टक्क्यांच्या वर चढले. फेडला, म्हणजे इथल्या रिझर्व्ह बँकेला, व्याजदर शून्याजवळून सव्वापाच-साडेपाचपर्यंत न्यावे लागले आणि त्यात आपली पोरं अडकली, कारण ज्यांचं ३ टक्क्यांचं मॉर्गेज आहे ते घर सोडत नाहीत आणि ज्यांना घर हवंय त्यांना २०२५ मधे ६ च्या वर मिळत होतं. एडिसनमधे आज साधं जुनं घर घ्यायचं तरी दोन आयटी पगार लागतात. यावर ट्रम्पचा उपाय काय तर ५० वर्षांचं मॉर्गेज! म्हणजे पस्तिशीत घेतलंत तर पंच्याऐंशीत फिटेल. घरं कमी आहेत, कारण गावोगावी झोनिंगचे नियम बांधू देत नाहीत, ते सोडून उधारी लांबवा.

२०२४ ला लोकांनी आम्हाला भाव आणि बॉर्डर या दोन गोष्टींसाठी निवडून दिलं. बॉर्डरचं काम झालं, हे विरोधकांनाही कबूल करावं लागेल. डिसेंबर २०२३ मधे एका महिन्यात अडीच लाखांच्या घरात लोक दक्षिण सीमेवर पकडले जात होते, आता तो आकडा महिन्याला दहा हजारांच्या खाली आहे. कायदा तोच होता, फक्त राबवायची इच्छा हवी होती. यासाठी मी दिलेलं मत मला वसूल झालं असं वाटतं.

पण भावांचं काय? २०२५ च्या सप्टेंबरचा महागाईचा आकडा ३ टक्के होता. ९ नाही, मान्य, पण खालीही येत नव्हता. आणि त्यात टॅरिफ. २०२५ च्या एप्रिलच्या २ तारखेला ट्रम्पनं रोझ गार्डनमधे रेसिप्रोकल (जशास तसे) टॅरिफचा तो बोर्ड दाखवला, मग आठवड्यात ९० दिवस पुढे ढकललं, चीनवर १४५ टक्के लावलं, मग जिनिव्हात बसून ३० वर आणलं. छोट्या धंदेवाल्याने ऑर्डर कशी द्यायची सांगा? माल बोटीवर असताना टॅक्स तीनदा बदलतो. आणि टॅरिफ हा टॅक्सच आहे, त्याचा चेक इथला इंपोर्टर फाडतो, चीन नाही. संरक्षणासाठी चिप्स, औषधं, स्टील काही प्रमाणात इथे बनायला हवं, चीनवर अवलंबून राहू नये, हे मला पटतं. पण कॉफीवर कशाला? हवाई आणि पोर्टो रिकोतलं थोडंफार सोडलं तर अमेरिकेत कॉफी होतच नाही, कुठला कारखाना वाचवणार होतात? निवडणूक हरल्यावर दहा दिवसांत, १४ नोव्हेंबरला, कॉफी, चहा, केळी, मसाले असं बरंच काही रेसिप्रोकल टॅरिफमधून वगळलं. म्हणजे टॅरिफने भाव वाढतात हे सहीनिशी कबूल केलं की.

भारतावर २०२५ मधे लावलेलं ५० टक्के तर मला अजिबात समजलेलं नाही. २५ आधी, मग रशियाचं तेल घेता म्हणून अजून २५, ऑगस्टच्या २७ पासून. चीन रशियाचं तेल भारतापेक्षा कमी घेत नाही, त्याला त्या कारणासाठी काही नाही. अंधेरीच्या सीप्झमधे जे हिऱ्या-सोन्याचे दागिने बनतात त्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका, तिथल्या कारागिराच्या पोटावर पाय. इकडे ओक ट्री रोडवरच्या देसी दुकानांत किराणा घेताना आपल्या खिशावर. चीनला अडवायचं तर भारत सोबत हवा, हे बुशपासून प्रत्येकाला कळत होतं, वीस वर्षं लागली विश्वास कमवायला.

ऑक्टोबरमधे कॅनडातल्या ओंटारियो राज्याच्या सरकारने टीव्हीवर रेगनच्या १९८७ च्या एप्रिलमधल्या रेडिओ भाषणातले तुकडे लावले तर ट्रम्प इतका चिडला की कॅनडाशी बोलणीच तोडली. तुकडे सोयीने जोडले होते हे खरं, त्या भाषणात रेगन जपानवर लावलेल्या ड्यूटीचंच समर्थन करत होता. पण करताना तो काय सांगत होता? की मला हे करायला आवडत नाही, भिंती घातल्या की शेवटी कामगारच मरतो. रिपब्लिकन अध्यक्षाला रेगनचा आवाज ऐकून राग यावा, यावर मी काय बोलू.

आणि मग नवीन आयडिया, टॅरिफ डिव्हिडंड, श्रीमंत सोडून प्रत्येकाला २००० डॉलर. ९ नोव्हेंबरची पोस्ट. निवडणूक ४ ला होती! सरकारचं २०२५ चं आर्थिक वर्ष संपलं तेव्हा कस्टम ड्यूटीचे जमा झाले १९५ बिलियन, आणि तूट होती जवळपास १.८ ट्रिलियन. डिव्हिडंड नफ्यातून देतात हो. इथे जेवढे आले त्याच्या नऊपट खड्डा आहे आणि म्हणे वाटून टाकू. २०२१ चे बायडेनचे चेक चुकीचे होते म्हणून आम्ही चार वर्षं कंठशोष केला, मग हे कसे बरोबर?

याच्यावर आमच्या बाजूचे लोक म्हणतात की ग्रोथ येईल, टॅक्स कट स्वतःचे पैसे वसूल करतील. टॅक्स कमी असावेत हे मला मान्यच आहे, २०१७ चे दर कायम केले ते चांगलं झालं, नाहीतर २०२६ च्या जानेवारीत बहुतेकांचा टॅक्स वाढला असता. पण खर्च कुठे कमी केला? ४ जुलैला सही झालेल्या त्या टॅक्स आणि खर्चाच्या बिग ब्यूटिफुल बिलाने दहा वर्षांत ३.४ ट्रिलियनने तूट वाढेल असा सीबीओचा (काँग्रेसच्या बजेट ऑफिसचा) हिशोब, आणि त्याच बिलात कर्जाची मर्यादा ५ ट्रिलियनने वाढवली. मस्क सरकारी खर्चात २ ट्रिलियन वाचवतो म्हणून आला होता, मग १ म्हणाला, मग मे अखेर गेला आणि जूनमधे भांडला. हे बिल हाउसमधे २१८ विरुद्ध २१४ नी पास झालं, विरोधात गेलेले रिपब्लिकन फक्त दोन, त्यातला एक केंटकीचा थॉमस मॅसी, जो कोटाला कर्जाचं घड्याळ लावून फिरतो. आणि ट्रम्पनं त्याच्याविरुद्ध २०२६ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, माणूस उभा केला. वा.

देशाचं कर्ज २०२४ च्या नोव्हेंबरात ३६ ट्रिलियन, २०२५ च्या ऑगस्टमधे ३७, ऑक्टोबरमधे ३८. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी, डॉलरमधे. नुसतं व्याज वर्षाला ९०० बिलियनच्या पुढे गेलंय, लष्करावर खर्च करतो त्याहून जास्त. मूडीजने २०२५ च्या मे महिन्यात देशाचं क्रेडिट रेटिंग उतरवलं, फिच आणि एसअँडपीने आधीच उतरवलं होतं, कोणाच्या भुवया पण उंचावल्या नाहीत. सोशल सिक्युरिटीचा फंड २०३३ च्या सुमारास आटतोय, त्यानंतर कायद्यानेच पेन्शन साधारण पाव हिश्श्याने कापली जाईल, त्याबद्दल दोन्ही पक्षांचं धोरण एकच, बोलायचं नाही. शेवटचं शिल्लक बजेट कधी होतं तर १९९८ ते २००१, क्लिंटन अध्यक्ष आणि रिपब्लिकन काँग्रेस, एकमेकांचं तोंड बघत नव्हते पण खर्च धरून ठेवला होता. माझं तेव्हापासून मत आहे की भांडणारं सरकार स्वस्त पडतं.

एच-१बी च्या एक लाख डॉलर फीबद्दल लोक मला मुद्दाम विचारतात, की आता बोला, तुमच्या ट्रम्पनं आपल्याच पोरांवर नेम धरला. कन्सल्टन्सीवाल्यांनी तो व्हिसा वाट्टेल तसा वापरला हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे, लॉटरी काढून टाकून पगाराप्रमाणे द्या असं मी कधीचं म्हणतोय. पण शुक्रवारी संध्याकाळी घोषणा आणि रविवारपासून लागू, त्यामुळे लोक विमानातून उतरून परत येताहेत, हे काय काम करायची पद्धत नाही. काँझर्व्हेटिव्ह माणूस नियम आधी सांगतो.

परत न्यू जर्सीकडे येतो, कारण इथे आम्हाला करण्यासारखं भरपूर आहे आणि वॉशिंग्टनकडे बघत बसायची गरज नाही. सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला १०,००० डॉलरच्या वर, देशात सगळ्यात जास्त. त्यातला निम्मा शाळांना. आमच्या एवढ्याशा राज्यात ५६४ नगरपालिका आणि ६०० च्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, बहुतेकांचा वेगळा सुपरिंटेंडंट, वेगळं ऑफिस. ख्रिस्टीच्या शेवटच्या बजेटमधे राज्याचा खर्च होता ३४.७ बिलियन, मर्फीच्या शेवटच्या बजेटमधे ५८.८. आठ वर्षांत. ट्रेन जास्त वेळेवर आली का? २०२४ च्या जुलैत एनजे ट्रान्झिटने एकदम १५ टक्के भाडं वाढवलं ते वेगळंच. बिग ब्यूटिफुलमधे राज्याचा आणि प्रॉपर्टीचा टॅक्स फेडरलमधून वजा करायची मर्यादा १० हजारांवरून ४० हजारांवर नेली, त्याचा मला फायदा होणार आहे, घेणार पण आहे मी, आणि तरीही सांगतो की तत्त्वाने ते चूक आहे, कारण आमच्या राजधानीच्या, ट्रेंटनच्या, उधळपट्टीचा भार टेनेसीच्या माणसाने का उचलावा. तो दिलासा मिळाला की ट्रेंटनवरचा दबाव अजून कमी होणार.

२०२६ ला मिडटर्म, म्हणजे काँग्रेसची मधली निवडणूक आहे. आमच्या राज्यात टॉम केन ज्युनियरची हाउसची जागा रिपब्लिकनांकडे आहे आणि ती घ्यायला डेमोक्रॅट आतापासून रांगेत आहेत. त्याने त्या बिलाला हो म्हटलं होतं. माझा त्याला आणि बाकीच्यांना प्रश्न एवढाच असेल की कशावरचा खर्च कमी करणार, एक नाव सांगा, एका ओळीत, शेरिलच्या फ्रीझसारखं मला कळेल असं. वीज हवी तर कुठे प्लांट, किती वर्षांत. सेलम आणि होप क्रीकच्या अणुवीज प्लांटच्या जागेवर अजून एक अणुभट्टी बसू शकते, शेरिल पण न्यूक्लिअरला नाही म्हणत नाहीये, मग दोघांनी मिळून परवान्याचं बघा ना. तोवर ३२९.१७ वाला भाव १ जून २०२६ ला लागू होतोय, फ्रीझ असो नसो, आणि तेव्हा गव्हर्नर त्यांची असेल आणि अध्यक्ष आमचा, त्यामुळे यावेळी बिल दाखवून बोट नक्की कोणाकडे करायचं याची तयारी दोन्हीकडे आत्तापासूनच चालू झाली असेल.